विश्लेषण : नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना करिअरचे कॉलेज मानवते का? डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात काय दिसते?

विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून सकाळी सातला शेअर रिक्षा पकडायची, स्टेशनवर चर्चगेट लोकलसाठी उभे राहायचे, दिवसभर दादर किंवा फोर्टात काम करायचे आणि रात्री आठ-साडेआठला घरी पोहोचायचे. हा दिनक्रम असलेल्या अनेकांचे शिक्षण बारावी, आयटीआय किंवा अर्धवट पदवीवर थांबलेले असते. ते पुन्हा सुरू करायचा विचार मनात आला की समोर येतात त्या करिअर घडवून देणाऱ्या कॉलेजांच्या जाहिराती. कमी महिन्यांत डिप्लोमा, सोयीच्या वेळा, नोकरीची खात्री. पैसे भरायचे की नाही, हे मात्र कळत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईतच एक माणूस या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतःचे शिक्षण नोकरीमुळे थांबवले आणि नोकरीच्याच पैशांवर पुन्हा सुरू केले. वाणिज्य, हिशेबशास्त्र आणि कायदा या तिन्ही व्यवसायाभिमुख शाखांत शिकवले. शेवटी नोकरदारांना सोयीचे होईल असे कॉलेजही काढले. त्यांच्या आयुष्याचा हा कमी सांगितला जाणारा भाग समजून घेऊ.

परळच्या एका खोलीत अभ्यास कसा झाला?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. दापोली आणि साताऱ्यानंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि परळच्या गिरणगावातील चाळीत राहू लागले.

एकच खोली, त्यातच स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास. घर शांत असायचे ते फक्त मध्यरात्रीनंतर. त्यामुळे रामजी मुलाला पहाटे दोनच्या सुमारास उठवत आणि तो दिव्याच्या उजेडात वाचत बसे. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून गहाण टाकत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य समाजातील मुलासाठी ही मोठी गोष्ट होती.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. घरखर्च आणि फी एकत्र पेलणे रामजींना अशक्य झाले, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ च्या सुरुवातीला भीमराव बी. ए. झाले आणि बडोदा संस्थानात नोकरीला लागले. काही दिवसांतच वडील गंभीर आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. लग्न आधीच झालेले होते आणि घराची जबाबदारी डोक्यावर होती. म्हणजे वयाच्या बाविशीत ते आज आपण ज्याला नोकरदार विद्यार्थी म्हणतो, त्याच वळणावर उभे होते.

करार करून शिकण्याचे काय झाले?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत शिकायला पाठवले. तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार झाला. आजच्या भाषेत कंपनीने शिकवायचे आणि त्यासाठी बॉण्ड लिहून घ्यायचा, तसाच हा प्रकार होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचे वर्ग केले. १९१५ मध्ये एम. ए. पूर्ण झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या उच्च पदवीसाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी. एक वाट संशोधनाची होती, दुसरी पोट भरणाऱ्या व्यवसायाची.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोन्ही शिक्षणे अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन येणारे जहाज बुडाले. एक गोष्ट मात्र त्यांनी निघण्यापूर्वी पक्की करून घेतली होती. चार वर्षांच्या आत परतून शिक्षण पूर्ण करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी. अर्धवट सोडताना परतीचे दार उघडे ठेवणे, हा या सगळ्या कथेतला पहिला व्यवहारी धडा आहे.

पदवी होती, मग नोकरी का टिकली नाही?

करारानुसार ते बडोद्याला गेले. पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, तिथूनही लोकांनी बाहेर काढले. कार्यालयातील शिपाईसुद्धा अंतर राखून वागत. काही दिवसांतच नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

मुंबईत त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजार आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचे कामही सुरू केले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि ते बंद पडले. कोलंबियाचा एम. ए. असलेल्या माणसाची ही अवस्था होती.

हा भाग आजच्या वाचकासाठी महत्त्वाचा आहे. पदवी आणि नोकरी यांचे नाते सरळ रेषेचे नसते. नोकरी देणारा कोण आहे, बाजार कसा आहे, ओळखीपाळखी कोणाच्या आहेत, समाज कोणाला दारात उभे करतो, हे सगळे मधे येते. त्यामुळे कोणतेही कॉलेज नोकरीची हमी देते तेव्हा ते आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देत असते.

सिडनहॅम कॉलेजमधली नोकरी कशासाठी होती?

१९१३ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे सिडनहॅम कॉलेज हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय. व्यापार, बँका आणि कंपन्यांसाठी माणसे तयार करायची, हा त्याचा हेतू. त्या काळातले करिअरचे कॉलेजच म्हणा. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर तिथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय २७, पगार महिना ४५० रुपये. नेमणूक तात्पुरती होती.

सुरुवातीला विद्यार्थ्यांना या प्राध्यापकाबद्दल शंका होती. थोड्याच दिवसांत चित्र बदलले आणि इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती.

ही नोकरी त्यांनी एका हिशेबाने केली. पगार चांगला असला तरी राहणी परळच्या चाळीतलीच ठेवली. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेली लंडनसाठी साठवायची, असे चालले. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले, पण ते आपल्या बचतीच्या जोडीला, आणि काय पूर्ण करायचे आहे हे पक्के ठरल्यावर.

एकाच वेळी दोन पदव्या कशा साधल्या?

लंडनचे हे दुसरे पर्व काटकसरीचे होते. सकाळी घरमालकीण देईल तेवढी न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि रात्री मुंबईहून आणलेले पापड, अशी त्यांची दिनचर्या चरित्रांत वाचायला मिळते. १९२१ मध्ये एम. एस्सी. मिळाली. बॅरिस्टरचे शिक्षणही पूर्ण झाले. डी. एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला, पण परीक्षकांनी बदल सुचवले आणि तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध सुधारला आणि पुन्हा पाठवला. त्या वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा हाच तो गाजलेला ग्रंथ.

कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे संशोधन १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. कोलंबिया सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मधल्या काळात त्यांनी दोन नोकऱ्या केल्या, मूकनायक पाक्षिक सुरू केले, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि वकिलीही केली. तिशीत किंवा पस्तिशीत पदवी पूर्ण करायची म्हणजे उशीर झाला, असे वाटणाऱ्यांनी हे वर्षांचे आकडे एकदा पाहावेत.

अर्धवेळ शिकवण्याचा काळ कोणता?

बॅरिस्टर झाल्यावर लगेच पैसे मिळाले नाहीत. वकिलीची सनद घेण्यासाठीही उसने पैसे घ्यावे लागले. मोठे अशील अस्पृश्य वकिलाकडे येत नसत, आणि गरीब अशिलांकडून फी मिळत नसे. म्हणून जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी मुंबईतील बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत अर्धवेळ व्याख्याता म्हणून व्यापारी कायदा शिकवला. हिशेबाच्या परीक्षांना बसणाऱ्यांना तयार करणारी ही संस्था होती. त्यानंतर १९२८-२९ मध्ये त्यांनी गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापकी केली.

याच काळात, १९२७ मध्ये, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. अर्धवेळ नोकरी त्यांना पोटापुरते देत होती आणि वेळ मोकळा ठेवत होती. काम निवडताना त्यांनी पगाराइतकेच उरणाऱ्या वेळेला महत्त्व दिले.

व्यावसायिक शिक्षणाबद्दल त्यांचे मत काय होते?

जून १९३५ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर राहिले. चर्चगेटचे हे कॉलेज. योगायोग असा की याच काळात, १९३६ मध्ये, विजेची लोकल बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत धावू लागली.

प्राचार्य असताना त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणात काय बदलावे, यावर लेख लिहिला. त्याचा गाभा सोपा आहे. नुसती कलमे पाठ करून चांगला वकील होत नाही. त्याला कायद्याच्या जोडीला इतर सामाजिक शास्त्रांची जाण हवी, तर्क हवा, आणि आपले म्हणणे नीट मांडता यायला हवे. त्याआधी मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२४ मध्ये त्यांनी हाच सूर लावला होता. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारी यंत्रणा राहू नये, तिथे अध्यापन आणि संशोधन एकत्र चालावे, अशी त्यांची भूमिका होती.

व्यवसायाचे शिक्षण त्यांनी कधी कमी लेखले नाही. ते स्वतःच बॅरिस्टर होते. पण व्यवसायापुरतेच शिकवून विद्यार्थ्याला सोडून द्यायचे, हे त्यांना मान्य नव्हते. कौशल्य बाजाराबरोबर जुने होते. विचार करण्याची सवय लागली असेल तर माणूस पुढचे कौशल्य स्वतः शिकू शकतो.

या वाटेची किंमत कोणी मोजली?

ही कथा सांगताना एक बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. बाबासाहेब परदेशात असताना मुंबईतले घर रमाबाईंनी अत्यंत तुटपुंज्या पैशात चालवले. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, त्यांतला धाकटा राजरत्न १९२६ मध्ये. फक्त यशवंतराव मोठे झाले. काम, अभ्यास आणि चळवळ यांत बाबासाहेबांचा दिवस संपायचा आणि घराचा भार रमाबाईंवर पडायचा. दादरला राजगृह बांधून झाले, थोडे स्थैर्य आले, तोवर रमाबाईंची प्रकृती ढासळली होती. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. लॉ कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले ते त्यानंतरच्या काही दिवसांत.

शिकणारा एकटा शिकत नाही. त्याच्या वाट्याची कामे घरात कोणीतरी उचलत असते. आज बहुतेक घरांत ते काम बायको, आई किंवा बहीण करते, आणि शिकणारी बाई असेल तर ते काम उचलायला अनेकदा कोणीच नसते. कॉलेजच्या माहितीपत्रकात ही किंमत छापलेली नसते, म्हणून ती घरातच मोकळेपणाने बोलावी लागते.

कामाचे तास आणि शिक्षण यांचा संबंध काय?

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४६ पर्यंतच्या या कारकिर्दीत तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजना आणि नोकरी मिळवून देणारी सेवायोजन केंद्रे या खात्याकडे होती. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. त्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनीच मांडले होते.

सहा तास कमी म्हणजे रोजचा एक तास. कामगाराला वाचायला, वर्गाला जायला किंवा नुसते झोपायला मिळणारा हा तास होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. फुल्यांना बाबासाहेब गुरू मानत. दिवसभर राबणाऱ्याने शिकावे असे वाटत असेल तर शाळेने त्याच्या वेळेला यावे लागते, हे फुल्यांनी करून दाखवले होते. बाबासाहेबांनी त्याच सुमारास तीच गोष्ट कॉलेजच्या पातळीवर नेली.

सिद्धार्थ कॉलेज वेगळे कसे होते?

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. जागा मरीन लाइन्सजवळच्या लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींची. पुढे ते फोर्टातल्या इमारतीत गेले. पहिले प्राचार्य संस्कृतचे पंडित आणि एल्फिन्स्टनचा अनुभव असलेले अ. बा. गजेंद्रगडकर. प्रवेश सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला होता.

या कॉलेजची ओळख ठरली ती सकाळच्या वर्गांमुळे. कचेऱ्या उघडण्यापूर्वी तासिका उरकायच्या आणि मग विद्यार्थ्याने कामावर जायचे. कारकून, शिपाई, दुकानांत काम करणारे तरुण यांना पगार न सोडता पदवीची वाट मिळाली. १९४७ मध्ये सिद्धार्थ रात्रशाळाही सुरू झाली.

आता लक्षात घेण्यासारखा मुद्दा. नोकरदारांना सामावून घेणारे हे पहिले कॉलेज त्यांनी टायपिंग किंवा हिशेब शिकवण्यापुरते काढले नाही. ते कला आणि विज्ञान शाखांचे पूर्ण कॉलेज होते, मुंबई विद्यापीठाची तीच पदवी देणारे. बाबासाहेबांच्या संग्रहातली मोठी ग्रंथसंपदा तिथल्या ग्रंथालयात गेली. विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि जून १९५० मध्ये देशाचे कायदामंत्री असताना त्यांनी तिथे हिंदू कोड बिलावर भाषण केले होते. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी वेळापत्रक बदलले, अभ्यासाची पातळी मात्र तीच ठेवली.

मग करिअरच्या शाखांचे काय?

त्यांना बाबासाहेबांनी पाठ दाखवली नाही. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर मुंबईत १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय आणि १९५६ मध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

क्रम पाहिला तर विचार स्पष्ट होतो. आधी पाया, मग व्यवसाय. वाणिज्य आणि कायदा हवेतच, पण मान्यताप्राप्त पदवीच्या रूपात आणि ग्रंथालयासह. त्यांनी स्वतः लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांची जोडी लावली होती, तीच संस्थेच्या रूपात उभी राहिली.

फुलपाड्यातल्या नोकरदाराचे वेळेचे गणित काय?

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवस मधल्या सुट्टीसह नऊ तास काम, म्हणजे ५४. लोकलचा जाण्यायेण्याचा तीन तासांचा प्रवास, म्हणजे १८. रिक्षा, चालणे आणि गाडीची वाट पाहणे यात रोजचा एक, म्हणजे ६. आंघोळ, जेवण आणि घरची कामे रोज तीन तास, म्हणजे २१. उरतात २० तास, आणि त्यांतले बरेचसे रविवारी.

या वीस तासांत आठवड्याला दहा तासांचा वर्ग बसवला तर अभ्यास, मुले, आजारपण आणि विश्रांती यांना मिळून दहा तास राहतात. हे जमते, पण जेमतेम. हेच कॉलेज रोज संध्याकाळी सहा ते आठ फोर्टात असेल तर घरी पोहोचायला साडेदहा वाजतात. वर्ग कामाच्या जागेजवळ असणे, घराजवळ असणे किंवा शनिवार-रविवारी असणे, यावर सगळे ठरते. प्रवेश घेण्यापूर्वी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडून पाहावा.

प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

• मान्यता : डिप्लोमा किंवा पदवी कोणते विद्यापीठ वा मंडळ देते, हे आधी पाहा. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर त्या संस्थेला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर तपासता येते. अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग, फार्मसी अशा शाखांची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत नाही. तशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा.

• वेळ आणि हजेरी : नियमित पदवीला साधारण ७५ टक्के हजेरीची अट असते. हजेरीचे बघून घेऊ, असे तोंडी आश्वासन परीक्षेच्या वेळी उपयोगी पडत नाही. अट लेखी मागा.

• परतीची वाट : नोकरी बदलली, बाळंतपण आले, पैसे संपले, तर शिक्षण मधे थांबवून पुन्हा सुरू करता येईल का? अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेली श्रेयांके कमाल सात वर्षे वापरता येतात. तुमचे कॉलेज त्यात सहभागी आहे का, हे विचारा. बाबासाहेबांनी लंडन सोडताना चार वर्षांची परवानगी घेतली होती, ती याचसाठी.

• फी आणि कर्ज : सगळी फी आधी भरून घेणाऱ्या संस्थेपेक्षा सत्रागणिक घेणारी बरी. प्रवेशाच्या टेबलावरच कर्जाचा अर्ज भरून घेतला जात असेल तर एक दिवस थांबा आणि घरी बोलून या.

• नोकरीची हमी : मागच्या तुकडीतले किती जण, कोणत्या कामावर, किती पगारावर लागले, ते विचारा. शक्य असेल तर त्यांच्यापैकी दोघांशी फोनवर बोला.

• पाया : एकच सॉफ्टवेअर किंवा एकच यंत्र शिकवणारा अभ्यासक्रम सध्याच्या नोकरीत बढतीसाठी ठीक आहे. काम बदलायचे असेल तर भाषा, हिशेब आणि विषयाचा पायाही शिकवला जातो का, ते पाहा.

निष्कर्ष काय?

नोकरी करणाऱ्या प्रौढाला करिअरचे कॉलेज मानवते, पण तीन अटींवर. त्याची पदवी दुसरीकडे मानली जावी, त्याच्या वेळा आपल्या आयुष्यात बसाव्यात आणि तिथे शिकलेले पाच वर्षांनीही उपयोगी पडावे. या तिन्हींपैकी एकही अट पुरी होत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखा मुक्त शिक्षणाचा मार्ग किंवा मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण अधिक स्वस्त आणि सुरक्षित ठरू शकते.

बाबासाहेबांचे आयुष्य असामान्य होते आणि त्यांच्यासारखे रात्रंदिवस वाचत बसणे सर्वांना जमणार नाही. त्यांनाही ते माहीत असावे. कारण सामान्य नोकरदारासाठी त्यांनी जे कॉलेज काढले, त्यात पहाटे दोनला उठण्याची अपेक्षा ठेवली नव्हती. सकाळी कामावर जाण्यापूर्वी वर्गात येता यावे, एवढीच सोय केली होती. फुलपाड्यातून निघणाऱ्यानेही कॉलेजकडून एवढी सोय मागायला हरकत नाही.